वाचकांचे प्रश्न : हाइव्हवरची मतं आणि सामाईक पेटी

वाचकांनी मजकुराला मत द्यायचं आणि त्या मतांच्या प्रमाणात लेखकाला टोकन, म्हणजे विकता येणारं डिजिटल नाणं, मिळायचं, ही स्टीम आणि त्यातून पुढे वेगळं झालेलं हाइव्ह या ब्लॉकचेनची, म्हणजे सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदींच्या साखळ्यांची, पद्धत. तिथे लिहिणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : स्वतःच्या लिखाणाला स्वतःच मत देणं, आणि त्याला जोडून येणारे मतांचे व्यवहार.

प्रश्न : खासबाग मैदानातल्या जुन्या कुस्त्यांवर मी हाइव्हवर लिहितो. पोस्ट टाकली की लगेच तिला माझं पूर्ण मत देतो. परवा एका अनोळखी खात्यानं डाउनव्होट (विरोधी मत) मारून बक्षीस जवळजवळ शून्यावर आणलं. स्वतःला मत देणं चुकीचं असेल तर बटण ठेवलंय कशाला?
— शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : कोड तुम्हाला अडवत नाही, म्हणून बटण आहे. त्याच कोडनं समोरच्याला डाउनव्होटही दिलेला आहे. त्यामुळे दोघांपैकी कुणीच नियम मोडलेला नाही. पैसा कुठून येतो ते पाहिलं तर हा वाद लवकर उलगडतो.

हाइव्हवर दर 3 सेकंदांनी नोंदींचा एक ब्लॉक तयार होतो आणि ठरलेल्या दरानं नवे टोकन जन्माला येतात. त्यांतले 65 टक्के लेखक आणि मत देणारे यांच्या पेटीत जातात, 15 टक्के टोकन गुंतवून ठेवणाऱ्यांना, 10 टक्के ब्लॉक तयार करणाऱ्या विटनेसना आणि 10 टक्के विकासाच्या प्रस्तावांसाठी. पेटीत रोज किती येणार हे आधीच ठरलेलं असतं. तुमच्या मतामुळे त्यात एक पैसाही वाढत नाही. मतानं फक्त वाटणी ठरते : तुमच्या पोस्टवर पडलेलं मतांचं वजन भागिले सगळ्या पोस्टवर पडलेलं वजन. म्हणजे स्वतःला मत दिलं की तेवढा वाटा बाकीच्या प्रत्येकाच्या हिश्श्यातून थोडाथोडा कापला जातो. डाउनव्होटनं जे गेलं तेही कुणाच्या खिशात जात नाही, पेटीत परत जाऊन सगळ्यांत वाटलं जातं.

दुसरी गोष्ट मताच्या वजनाची. आपल्या जिल्ह्यातल्या सहकारी साखर कारखान्यात सभासदाचे शेअर दहा असोत की हजार, मत एकच. हाइव्हवर उलटं आहे : जितकी हाइव्ह पॉवर, म्हणजे गुंतवून ठेवलेले टोकन, तितकं वजन. शंभर खाती काढून कुणी जास्त मतं मिळवू शकत नाही, हा त्याचा चांगला भाग. पण ज्याच्याकडे मोठी पॉवर आहे त्यानं ती स्वतःवरच ओतायची ठरवली तर थांबवणारा फक्त दुसरा पॉवरवालाच असतो. तुम्हाला डाउनव्होट देणारं खातं बहुधा तेच काम करत असावं.

तुमच्या पोस्टवर दुसऱ्या कुणाचंच मत नसेल, पण तुमचं मात्र रोज 100 टक्क्यांचं असेल, तर बाहेरून पाहणाऱ्याला ते उपसा केल्यासारखं दिसतं, लेख कितीही मेहनतीचा असला तरी. डाउनव्होट देणाऱ्याला पोस्टखाली सरळ विचारा, कारण विचारा. उलट डाउनव्होट मारू नका. त्याची पॉवर मोठी असेल तर पुढचे कित्येक आठवडे तुम्हीच भोगाल. पुढचा महिनाभर मतं इतरांना द्या. खासबागेवरच्या लेखाला वाचक मिळायला हवेत आणि ते दुसऱ्यांच्या लेखाखाली मनापासून लिहिलेल्या प्रतिक्रियांतून येतात, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे. पोस्ट यादीत वर दिसावी एवढ्याचसाठी स्वतःचं मत हवं असेल, तर प्रकाशित करतानाच लाभार्थी म्हणून 'नल' हे खातं 100 टक्के लावा. लेखकाचा वाटा मग जळून जातो, कुणालाच मिळत नाही, आणि तुमच्या हेतूवर कुणी बोट ठेवू शकत नाही. लाभार्थी नंतर लावायला जाल तर पोस्टवर मत पडलेलं असल्यास कोड नकार देतो, म्हणून हे पहिल्याच वेळी करायचं.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेला आहे. स्वतःला मत देण्यातला नेमका फायदा आकड्यांत समजावून द्याल का? आणि नियम इतक्या वेळा बदलूनही तो का संपत नाही?
— इचलकरंजी

उत्तर : आधी मतशक्ती, म्हणजे मत देण्याचा तुमच्याकडचा साठा. 100 टक्क्यांचं एक मत दिलं की सुमारे 2 टक्के मतशक्ती खर्च होते. ती दिवसाला 20 टक्क्यांनी भरते, पूर्ण रिकामी झालेली पाच दिवसांत भरते. म्हणजे दर 2 तास 24 मिनिटांनी एक पूर्ण मत, दिवसाला दहा.

आता समजा तुमच्या एका पूर्ण मताची किंमत 10 रुपये आहे. दिवसाचे 100 रुपये वाटण्याचा अधिकार तुमच्या हातात. ऑगस्ट 2019 पर्यंत स्टीमवर या रकमेतले 75 टक्के लेखकाला आणि 25 टक्के मत देणाऱ्यांना मिळत. दुसऱ्याच्या लेखांना मतं दिली तर तुमच्या हाती ढोबळमानानं 25 रुपये. स्वतःच्या दहा ओळींना दिली तर लेखकही तुम्ही, मतदारही तुम्ही, म्हणून 100. चौपट फरक. चांगलं वाचून मत देणाऱ्याचं रोज 75 रुपयांचं नुकसान होत होतं, आणि शेजारी बसून काहीही न वाचणारा पुढे जात होता. माणसं बिघडली असं म्हणून हे सुटत नाही. हिशेबच तसा मांडलेला होता.

तो तसा का मांडला गेला, हेही पाहू. स्टीम मार्च 2016 मध्ये सुरू झालं तेव्हा बक्षीस मतांच्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात होतं : वजन दुप्पट तर बक्षीस चौपट. एकट्यानं स्वतःला मत देऊन फार काही मिळत नसे, पण मोजके बडे धारक ज्याच्यावर हात ठेवतील तो एका रात्रीत मोठा, बाकीच्यांच्या मताला शून्य किंमत. लहानांच्या मताला किंमत यावी म्हणून जून 2017 च्या 19 व्या हार्डफोर्कमध्ये (साखळीच्या नियमांतल्या मोठ्या बदलात) वाटणी सरळ प्रमाणात केली. हेतू चांगला होता. पण त्याच क्षणी स्वतःच्या मताला पूर्ण, खात्रीचा, एकट्यानं मिळणारा परतावा सुरू झाला. मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खाती, त्यानंतरच बोकाळले.

त्यात आणखी एक फट होती. सप्टेंबर 2018 पर्यंत पोस्ट पडल्यापासून पहिल्या 30 मिनिटांत जितक्या लवकर मत पडेल तितका मतदाराचा वाटा कापून लेखकाकडे जायचा. इतरांसाठी ती घाई करण्याची शिक्षा होती. लेखकाला मात्र स्वतःलाच पहिल्या सेकंदाला मत दिलं तर काहीच तोटा नव्हता. 20 व्या हार्डफोर्कनं ती मुदत 15 मिनिटांवर आणली आणि कापलेला वाटा लेखकाऐवजी पेटीत वळवला.

सर्वांत मोठी दुरुस्ती 27 ऑगस्ट 2019 च्या 21 व्या हार्डफोर्कची. तिनं तीन गोष्टी एकदम केल्या. लेखक आणि मतदार यांचा वाटा निम्मा-निम्मा केला : दुसऱ्यांना मत देणाऱ्याचे 25 चे 50 झाले आणि चौपट फरक दुपटीवर आला. डाउनव्होटसाठी मतशक्तीच्या 25 टक्के इतका वेगळा साठा दिला : दिवसाला अडीच पूर्ण डाउनव्होट, ज्यांसाठी स्वतःचं मत खर्ची घालावं लागत नाही. आणि बक्षिसाची रेषा तळाशी थोडी वाकवली, म्हणजे अगदी कमी वजनाच्या पोस्टला सरळ प्रमाणाच्या जवळपास अर्धंच मिळू लागलं, वजन वाढेल तसं ते पूर्ण प्रमाणाकडे सरकायचं (हाइव्हनं ही वाक 2021 मध्ये काढली). स्वतःच्या शेकडो बारीक प्रतिक्रियांवर चवली-पावलीची मतं पेरून कुणाच्या नजरेत न येता काढून नेणारे होते, त्यांच्यासाठी ही वाक. शिवाय 0.02 डॉलरच्या खाली गेलेलं बक्षीस दिलंच जात नाही.

या तिन्हींत खरं बळ डाउनव्होटच्या साठ्यात आहे. 50 विरुद्ध 100 हा फरक अजून उरलाच आहे. पण स्वतःला दिलेल्या मताचा निम्म्याहून अधिक भाग सरासरीनं डाउनव्होटमध्ये जाणार असेल, तर दुसऱ्यांना मत देणं फायद्याचं ठरतं. जिथे डाउनव्होट देणारं कुणी नाही, तिथे स्वतःचं मतच जिंकतं. म्हणून नियम बदलून हा प्रकार संपत नाही. तो रोज कुणीतरी पोस्टची यादी पाहून डाउनव्होटचं काम केलं तरच आटोक्यात राहतो.

हाइव्ह 20 मार्च 2020 ला स्टीमपासून वेगळं झालं तेव्हा हेच नियम बरोबर आले. जून 2021 मध्ये हाइव्हनं मतदारांची पहिल्या मिनिटांतली शर्यतही काढून टाकली : पहिल्या 24 तासांतल्या सगळ्या मतांना क्युरेशनचा, म्हणजे मतदाराच्या वाट्याचा, सारखाच मान, त्यानंतरच्या दोन दिवसांत निम्मा, पुढे आठवा हिस्सा. लेख शांतपणे वाचून मत देणाऱ्याला यामुळे बॉटच्या बरोबरीनं वाटा मिळू लागला. आमच्या मते त्या वर्षातला हा सर्वांत उपयोगी बदल.

प्रश्न : आम्ही सहा मित्र. कुणीच स्वतःला मत देत नाही, एकमेकांना देतो, तेही ट्रेल (एकाच्या मतामागून बाकीच्यांची मतं टाकणारी सोय) लावून आपोआप. एकमेकांना हात देण्यात वाईट काय?
— कागल

उत्तर : तुमच्या सहा जणांची पॉवर साधारण सारखी असेल आणि मतं गटातच फिरत असतील, तर वर्षअखेर प्रत्येकाच्या हाती तेवढंच पडतं जेवढं स्वतःला मत देऊन पडलं असतं. तुमच्या मतातला निम्मा वाटा मित्राला जातो, निम्मा तुम्हाला. त्याच्या मतातला निम्मा तुमच्याकडे येतो. बेरीज करून पाहा, शंभराचे शंभरच. पेटीच्या दृष्टीनं सहा जणांचं कोंडाळं आणि सहा स्वमतं यांत फरक नाही.

मित्राचं लिखाण आवडलं म्हणून मत दिलं तर त्यात काही वावगं नाही. अडचण ट्रेलमुळे होते : कुणी 'शुभ सकाळ' एवढं टाकलं तरी सहा पूर्ण मतं पडतात, कारण वाचायला कुणी नाहीच. आजच ट्रेल बंद करा. मित्रांपैकी ज्याचं लिखाण खरंच वाचता त्याला हातानं मत द्या, वजन 20-30 टक्क्यांच्या आसपास ठेवा, आणि आठवड्याच्या एकूण मतशक्तीपैकी तीन चतुर्थांश तरी गटाबाहेर जाते ना, ते पाहा. हा आमचा ठोकताळा आहे, कोडचा नियम नाही.

प्रश्न : संगणकशास्त्राच्या प्रकल्पासाठी एखादं खातं स्वतःला किंवा ठराविक गटाला किती मतं देतं ते मोजायचं आहे. सुरुवात कुठून करू? कुठे फसगत होते?
— विद्यार्थिनी, शिवाजी विद्यापीठ परिसर

उत्तर : हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हाइव्हचा सगळा इतिहास उघडा आहे, परवानगी लागत नाही. कुठल्याही सार्वजनिक हाइव्ह नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) जेसन-आरपीसीनं 'गेट अकाउंट हिस्टरी' ही विनंती पाठवा. तिच्यात पहिलं खात्याचं नाव, दुसरा सुरुवातीचा क्रमांक, तिसरी मर्यादा. सुरुवात उणे 1 दिली की सर्वांत ताज्या नोंदीपासून मागे येता येतं. एका वेळी कमाल 1000 नोंदी मिळतात. पुढच्या फेरीत आलेल्या सर्वांत जुन्या क्रमांकातून एक वजा करून तो सुरुवातीला द्यायचा. शेवटच्या फेरीत इथेच सगळे अडतात : सुरुवातीचा क्रमांक मर्यादा उणे एक यापेक्षा लहान झाला की नोड चूक दाखवतो. उरलेल्या नोंदी 340 असतील तर मर्यादाही कमी करून मागा.

फक्त मतं हवी असतील तर गाळणी लावा. मत या व्यवहाराचा क्रमांक 0 आहे, म्हणून गाळणीच्या पहिल्या खान्यात 1 द्यायचं. उत्तर लहान येतं आणि नोडवर भारही पडत नाही. प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात : मतदार, लेखक, पोस्टचा पत्ता आणि वजन. वजन 10000 म्हणजे 100 टक्के, उणे असेल तर डाउनव्होट, 0 असेल तर काढून घेतलेलं मत.

आता फसगतीच्या जागा. पहिली : खात्याच्या इतिहासात त्यानं दिलेली आणि त्याला मिळालेली, दोन्ही मतं येतात. मतदाराचं नाव तपासून दिलेलीच ठेवली नाहीत तर लोकप्रिय लेखक सर्वांत मोठा मतदार दिसू लागतो. दुसरी : एकाच पोस्टवर मत बदललं असेल तर दोन नोंदी येतात, शेवटची धरायची. तिसरी : मतांची संख्या मोजू नका, वजनांची बेरीज मोजा. दिवसाला 1 टक्क्याची चाळीस मतं इतरांना आणि 100 टक्क्यांची नऊ स्वतःला देणारा माणूस संख्येनं उदार दिसतो, वजनानं नाही. त्याच्या 940 पैकी 900 स्वतःकडे गेलेत. चौथी : पोस्ट आणि प्रतिक्रिया वेगळ्या काढा. स्वतःच्या पोस्टला मत देणारे पुष्कळ असतात. स्वतःच्या 'छान' अशा प्रतिक्रियांना रोज मत देणारे थोडे, आणि तपासायचं ते यांनाच. पाचवी : नोंदीतली वेळ यूटीसी असते. रोजचा हिशेब भारतीय दिवसाप्रमाणे करायचा तर साडेपाच तास मिळवा, नाहीतर रात्री उशिरा दिलेली मतं चुकीच्या तारखेला पडतात.

मग तीन आकडे काढा. स्वतःला गेलेल्या वजनाचा टक्का. सर्वाधिक मिळालेल्या दहा लेखकांना मिळून गेलेला टक्का. आणि परतफेड : तुम्ही ज्यांना देता त्यांच्याकडून तितकंच वजन परत येतं का. पहिला आकडा लहान, दुसरा नव्वदच्या वर आणि तिसरा जवळपास सारखा असेल तर कोंडाळं आहे. पण दुसरा मोठा आणि तिसरा शून्य असेल तर तो बहुधा ठराविक आवडते लेखक असलेला साधा वाचक आहे. त्याला आरोपीच्या यादीत घालू नका.

सर्वांत अवघड म्हणजे एकाच माणसाची अनेक खाती. इथे हस्तांतरणाच्या नोंदी उपयोगी पडतात. एक्स्चेंजवर, म्हणजे टोकनची खरेदी-विक्री होते तिथे, टोकन पाठवताना प्रत्येक ग्राहकाला दिलेला मेमो (ओळखीचा मजकूर) लिहावा लागतो, आणि तो साखळीवर सगळ्यांना दिसतो. वेगवेगळी वाटणारी पाच खाती एकाच एक्स्चेंजला एकच मेमो लिहून पैसे पाठवत असतील तर ते पैसे एकाच ग्राहक खात्यात जातात. त्या जोडीला पुनर्प्राप्ती खातं, म्हणजे गमावलेलं खातं परत मिळवून देणारं खातं, पाहा : ते मूळ खातं उघडणाऱ्याचंच असतं, जोवर बदललेलं नाही. पुनर्प्राप्ती खातं एकटंच पुरावा नव्हे, कारण मोठ्या सेवांनी हजारो अनोळखी लोकांची खाती उघडून दिलेली असतात. आणि प्रकल्पात खात्यांची नावं लिहा, पण त्यामागचा माणूस कोण याचा शोध छापू नका.

प्रश्न : मराठीत लिहिलेला माझा रंकाळ्यावरचा लेख कुणीतरी इंग्रजी भाषांतर करून स्वतःच्या नावानं टाकला. त्याला बक्षीसही पडतंय. काय करू?
— गडहिंग्लज

उत्तर : घाई करा, कारण बक्षिसाचा निकाल सात दिवसांत लागतो आणि एकदा दिलेलं परत येत नाही. आज : तुमच्या मूळ लेखाचा पत्ता आणि तारीख, त्याच्या पोस्टचा पत्ता, आणि दोन्हींतले तीन-चार परिच्छेद समोरासमोर ठेवून एक लहान टिपण करा. भाषांतर केलेली चोरी यंत्राला सहज पकडता येत नाही, म्हणून परिच्छेदांचा क्रम आणि फक्त तुमच्याच लेखात असलेले तपशील दाखवा. ते टिपण त्या पोस्टखाली सभ्य भाषेत टाका आणि चोरीचा माग काढणाऱ्या हाइव्हवॉचर्सना कळवा. भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचाच असतो, हे 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात आहे. साखळीवरून मजकूर पुसता येत नाही. बक्षीस शून्य करता येतं आणि दाखवणाऱ्या साइटला तो झाकायला सांगता येतो. फोटो तुमचे असतील तर मूळ, न कापलेल्या फाइल जपून ठेवा.

प्रश्न : एका सेवेनं निरोप पाठवला : आमच्याकडे 500 हाइव्ह पॉवर डेलिगेट करा (मालकी न सोडता वापरायला द्या), रोज तुमच्या पोस्टला मत देऊ. दुसऱ्या एकानं सांगितलं, अ‍ॅक्टिव्ह की द्या, सगळं आपोआप होईल. कुणावर विश्वास ठेवावा?
— शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : दुसऱ्यावर अजिबात नाही. की म्हणजे खात्याची गुप्त किल्ली. मत देण्यासाठी आणि लिहिण्यासाठी पोस्टिंग की पुरते. अ‍ॅक्टिव्ह कीनं पैसे हलवता येतात, आणि ओनर कीनं इतर सगळ्या की बदलता येतात. मतांसाठी अ‍ॅक्टिव्ह की मागणारा चोर आहे असंच समजा. दिली असेल तर आत्ताच मास्टर पासवर्डनं सगळ्या की बदला, मग पत्र पुढे वाचा.

पहिल्याचा प्रस्ताव जुना आहे. 2017 आणि 2018 मध्ये स्टीमवर बिड-बॉट होते : लोक पैसे पाठवायचे, बॉट 2 तास 24 मिनिटांच्या फेरीत एक पूर्ण मत सगळ्या बोलींच्या प्रमाणात वाटायचा. पैसे टाकून ट्रेंडिंगच्या पहिल्या पानावर येता येत होतं, आणि वाचकाला तिथे जाहिरातीच वाचायला मिळत. 2019 नंतर फुकट डाउनव्होट आल्यावर तो धंदा मोडला. डेलिगेशनच्या बदल्यात मत हे त्याचंच मऊ रूप आहे. तुमचा लेख कुणी वाचत नाही. तुम्ही स्वतःला मत देताय, फक्त मधे एक खातं आहे. डाउनव्होट आला तर तो तुमच्या पोस्टवर येतो, सेवेला काही होत नाही. डेलिगेशनमध्ये मालकी तुमचीच राहते आणि ते कधीही मागे घेता येतं, पण पॉवर परत वापरण्याजोगी व्हायला पाच दिवस लागतात. त्या पाच दिवसांत ना त्यांच्याकडे, ना तुमच्याकडे.

मराठी लिखाण निवडून मतं देणाऱ्या एखाद्या क्युरेशन खात्याला डेलिगेशन द्यायला हरकत नाही. आधी त्याची गेल्या महिन्याची मतं वरच्या उत्तरातल्या पद्धतीनं तपासा. चालवणाऱ्यांच्या स्वतःच्या पोस्टकडे किती गेली, तेवढं पाहिलं तरी पुरे.

प्रश्न : डाउनव्होट म्हणजे दादागिरीच नाही का? ब्लर्टवर तो नाहीच म्हणे.
— जयसिंगपूर

उत्तर : बरोबर, 2020 मध्ये स्टीमच्या कोडवरून निघालेल्या ब्लर्टनं डाउनव्होट काढून टाकला. वातावरण शांत वाटतं, पण ज्याच्याकडे पॉवर आहे त्यानं स्वतःवरच मतं ओतली तर त्याला रोखण्याचं साधन तिथल्या वाचकाच्या हातात उरत नाही. डाउनव्होटनं वैयक्तिक वैर काढणारे आहेत, आणि लहान लेखकाला त्याचा जाच होतो, हे खरं आहे. तरी आम्ही डाउनव्होट ठेवण्याच्या बाजूनं आहोत. त्यावर उपाय म्हणजे अन्यायानं खाली गेलेल्या पोस्टला इतरांनी वेळेत मतं देणं. त्यासाठी सात दिवस मिळतात, पण शेवटच्या बारा तासांवर विसंबू नका. तेव्हा दिलेल्या मताचं वजन घटत जातं.

मिळालेल्या मतांवरून प्रत्येक खात्याला प्रतिष्ठेचा एक आकडा असतो. कमी प्रतिष्ठेचं खातं तुम्हाला डाउनव्होट देऊन तुमचा प्रतिष्ठेचा आकडा खाली आणू शकत नाही, एवढं लक्षात ठेवा. बक्षीस मात्र ते कमी करू शकतं.

प्रश्न : टोकन एक्स्चेंजवर ठेवले तर सोयीचं पडतं. तिथे ठेवले तर मतांचा काय संबंध?
— कसबा बावडा

उत्तर : मोठा संबंध आहे. 2 मार्च 2020 ला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्स्चेंजनी ग्राहकांनी ठेवलेले स्टीम पॉवर अप करून, म्हणजे मताच्या वजनासाठी गुंतवून, विटनेसच्या निवडणुकीत मतं टाकली, आणि साखळीवरचा ताबा एका रात्रीत बदलला. त्यातून हाइव्ह वेगळं झालं. पॉवर अप केलेले टोकन तेव्हा 13 आठवड्यांत हप्त्यानं सुटत, त्यामुळे ग्राहकांना पैसे काढताना अडथळे आले. हाइव्हनं नंतर नियम घातला : नव्यानं पॉवर अप केलेलं वजन विटनेसच्या मतात 30 दिवसांनी धरलं जातं. तरी ज्यांना विकायचे नाहीत ते टोकन स्वतःच्या खात्यात ठेवा. तुमच्या टोकनचं मत दुसऱ्यानं टाकू नये.

प्रश्न : मिळालेल्या बक्षिसावर कर लागतो का?
— राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : विकताना झालेल्या नफ्यावर 30 टक्के अधिक उपकर, 1 एप्रिल 2022 पासून, एका टोकनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. 1 जुलै 2022 पासून विक्रीवर 1 टक्का टीडीएसही कापला जातो. बक्षीस हाती आलं त्या दिवसाची तारीख, टोकनची संख्या आणि रुपयांतला भाव वहीत लिहून ठेवा, आणि ते उत्पन्न कोणत्या सदरात दाखवायचं ते सीएला त्या नोंदी दाखवून ठरवा. स्वतःला दिलेल्या मताचं बक्षीस वेगळं धरलं जात नाही.

प्रश्न : चुकून स्वतःच्या प्रतिक्रियेला 100 टक्के मत पडलं. काढता येतं का?
— गारगोटी

उत्तर : येतं. त्याच बटणावर पुन्हा जाऊन मत काढा. साखळीवर 0 वजनाची नोंद होते आणि बक्षीस पेटीत परत जातं. खर्च झालेली 2 टक्के मतशक्ती मात्र लगेच परत मिळत नाही, ती अडीच तासांत आपोआप भरते. पुन्हा चुकू नये म्हणून वजनाची पट्टी दाखवणारी सेटिंग चालू करून नेहमीचं वजन 10 टक्क्यांवर ठेवा.